तक्रारीसाठी संपर्क : मावशी

ज्या दुकानात 'ग्राहक हा आमचा राजा' अशी पाटी असते, त्या दुकानात सुटे पैसे मिळत नाहीत. जाहिरात आणि मार्केटिंगच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाचं हे निरीक्षण आहे, तेव्हा त्यात थोडी अतिशयोक्ती धरूनच चालावं. आमच्याकडे ती बिलात वेगळी लावत नाहीत. पण नियम साधारण खरा आहे. पाटीवर गोडवा जितका जास्त, तितकं गल्ल्यावरच्या माणसाचं तोंड वाकडं.

बँकांमध्ये तर या गोडव्याला थेट राष्ट्रपित्याचा आधार असतो. भिंतीवर गांधीजींचा फोटो, शेजारी ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत मोलाचा पाहुणा असल्याचा मजकूर, आणि त्याच्या बरोब्बर खाली 'लिंक नाही' असा पुठ्ठा टेकवलेली खिडकी. हा मजकूर गांधीजींच्या १८९० सालच्या दक्षिण आफ्रिकेतल्या भाषणातला, असं सर्रास सांगतात. १८९० साली गांधीजी लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करत होते. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी पाऊल ठेवलं ते १८९३ मध्ये. म्हणजे त्या भाषणाशी गांधीजींचा जेवढा संबंध, तेवढाच त्या खिडकीचा पाहुणचाराशी. अर्थात पासबुकाचा प्रिंटर बंद असताना समोर तो फोटो असला की सत्याग्रहाची प्रेरणा मात्र अस्सल मिळते.

साहेबाच्या देशातही हेच. लंडनला १९०९ साली ऑक्सफर्ड स्ट्रीटवर टोलेजंग दुकान उघडणाऱ्या सेल्फ्रिजसाहेबांच्या नावावर 'गिऱ्हाईक कधी चुकत नसतं' हे ब्रीद जमा आहे. ते आगबोटीने मुंबईला उतरलं असेल. बोरघाट चढून पुण्याला काही पोचलं नाही. पुणेरी पाट्यांवर हसून हसून अख्ख्या महाराष्ट्राचे जबडे दुखायला लागलेत, म्हणून त्या गल्लीत मी फार वेळ थांबत नाही. फक्त एक गोष्ट धंद्याच्या नजरेने सांगतो. 'दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील' या पाटीत एक शब्द भेसळीचा नाही. चार म्हणजे चार. चितळे बंधूंनी २०१७ साली दुकान दुपारीही उघडं ठेवायचं ठरवलं, तर त्याची बातमी झाली. दुकान उघडं आहे, ही बातमी! दुकानाची बंद असण्याची वेळ गावोगावच्या लोकांना तोंडपाठ होती म्हणूनच ती झाली ना? आमचे क्लायंट लाखो रुपये ओततात, तरी त्यांचं नावसुद्धा लोकांच्या लक्षात राहत नाही, आणि इथे फुकटच्या तुसडेपणाने हे काम करून ठेवलं होतं.

माझं म्हणणं एवढंच, की तुसडा माणूस निदान काहीतरी सांगतो. 'नाही', 'संपलं', 'उद्या या', 'तुम्हाला परवडणार नाही'. ऐकून राग येतो, पण माणूस दुसऱ्या दुकानात जायला मोकळा होतो. पूर्वी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे, टेलिफोनसाठी मुलगी लहान असताना केलेला अर्ज तिच्या लग्नात फळाला यायचा. तेव्हा विकणाऱ्याला गोड बोलायची गरजच नव्हती. १९९१ नंतर दुकानं वाढली, माल वाढला, आणि गिऱ्हाइकाला धरून ठेवायची वेळ आली. तिथे आमचा धंदा फोफावला. धरून ठेवण्याचे मार्ग दोन : काम नीट करणं, नाहीतर गोड बोलणं. दुसरा स्वस्त पडतो.

घरचं इंटरनेट बंद पडलं तर काय होतं ते पाहा. आपण फोन लावतो. एक मंजुळ बाई आधी एका नव्या योजनेची माहिती देतात. मग भाषा विचारतात, आणि महाराष्ट्रात बसून मराठीचा आकडा यायची वाट पाहत आपण कानाला फोन लावून उभे राहतो. मग बाई म्हणतात, आपली तक्रार आमच्या वेबसाइटवरही नोंदवू शकता. इंटरनेट बंद आहे, बाई! पण बाई रेकॉर्ड केलेल्या आहेत. पाऊण तास बासरी ऐकल्यावर एक मुलगा येतो आणि आपल्या गैरसोयीबद्दल इतकी कळवळून दिलगिरी व्यक्त करतो की आपणच त्याला धीर द्यावा. तो राउटर बंद करून चालू करायला सांगतो. आपण करतो. तांबडा दिवा तसाच. शेवटी खालच्या आवाजात तो म्हणतो, "सर, आता मेसेज येईल, त्यात पाच मार्क द्या ना प्लीज. चार दिले तर आमच्याकडे नापास धरतात." आपण देतो. पोराच्या पोटाचा प्रश्न असतो. मग त्या पाचांचा तक्ता होतो, तक्त्याचं प्रेझेंटेशन होतं, ते पाहून वरचे साहेब खूश होतात, आणि इकडे राउटर तांबडा दिवा लावून बसलेलाच असतो. त्या तक्त्यांना रंग कुठला द्यायचा, हे ठरवायच्या बैठकांना मी बसलेलो आहे. हिरवा देतात.

आता खरी ग्राहकसेवा कुठे पाहायची असेल तर लग्नसराईत दादरच्या एखाद्या जुन्या साडीच्या दुकानात जाऊन बसा. गादीवर बसलेला विक्रेता, वय पन्नाशीच्या पुढे, पाठीशी साड्यांचे गठ्ठे. समोर आई, मुलगी, आत्या आणि पिशव्या धरायला आणलेले वडील. तो 'मी आपली काय मदत करू शकतो' वगैरे म्हणत नाही. तो एकच विचारतो : "नेसायची की द्यायची?"

या प्रश्नावर मी मॅनेजमेंटच्या पोरांना तासभर व्याख्यान देऊ शकतो. नेसायची असेल तर पोत, काठ, पदर, रंग अंगाला खुलतो का, सगळं बघणार. किमतीत थोडं खालीवर चालेल. द्यायची असेल तर फक्त दिसायला भरगच्च हवी, आणि किंमत अमुकच्या पुढे एक रुपया नको. तीन शब्दांत त्याने गिऱ्हाइकाची गरज, ऐपत आणि नात्यातला जिव्हाळा मोजून घेतला. आम्ही याच माहितीसाठी मोठमोठाले सर्व्हे करतो आणि त्यातून निघतं की स्त्रियांना साड्या आवडतात.

पुढे तो दुसरा प्रश्न टाकतो : "मुलाकडच्यांना की आपल्यातल्यांना?" आत्या आईकडे बघते, आई वडिलांकडे, वडील पंख्याकडे. विक्रेत्याचा हात तोवर बरोबर त्या गठ्ठ्यावर गेलेला असतो. साडी स्वतःच्याच खांद्यावर टाकून, मिशांसकट, तो पदर दाखवतो आणि कोणाला हसू येत नाही. आणि आत्याने भरजरी गुलाबीला हात घातला की तो शांतपणे म्हणतो, "ती नका घेऊ. एका धुण्यात जर काळी पडते. माझ्याकडे परत घेऊन याल, मला ते नको." त्याने आपलं नुकसान करून गिऱ्हाइकाचं भलं केलं असं नाही, त्याला पुढची दोन बारशी, एक डोहाळजेवण आणि धाकटीचं लग्न दिसत असतं.

आमच्या बाजूला मात्र सगळं उलट्या दिशेने चाललंय. आम्हाला काम देणाऱ्यांना आम्ही क्लायंट म्हणतो. क्लायंट म्हणजे असं गिऱ्हाईक, की ज्याला काय हवंय ते माहीत नसतं, पण समोर आलेलं ते नव्हे एवढं पक्कं माहीत असतं. "काहीतरी हटके करा, पण आपलं नेहमीचंच वाटलं पाहिजे." "मला यात काहीतरी मिसिंग वाटतंय." काय, ते तुम्ही शोधायचं, त्याचेच तुम्हाला पैसे मिळणार, म्हणजे मिळाले तर. दोन वर्षांपूर्वीपर्यंत निदान हे सगळं ईमेलवर यायचं. ईमेलची स्वतःची एक शिस्त होती. भांडण कितीही पेटलं तरी वर 'आदरणीय' आणि खाली 'सस्नेह'. तापमान कळायचं ते फक्त सीसीवरून : आज साहेबांना सीसीत घेतलंय म्हणजे पावसाचे ढग, कायदा विभागालाही घेतलंय म्हणजे छत्री काढा. आता सगळा कारभार व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. तिथे रात्री साडेअकराला सात मिनिटांचा आवाजी निरोप येतो, त्यात मागे टीव्हीवर मालिका चालू असते आणि मधेच क्लायंटच्या सौभाग्यवतींचा आवाज येतो, "तो जांभळा नको म्हणावं." बस्स, कॅम्पेनचा रंग ठरला. सकाळी आपण सविस्तर उत्तर लिहावं तर त्यावर एक अंगठा. अंगठा म्हणजे वाचलं, की पटलं, की पुरे करा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

असाच आमचा एक मसालेवाला क्लायंट. डोंबिवली एमआयडीसीत कारखाना, दोघे भाऊ मालक, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट असा माल. माल उत्तम, हे आधी सांगतो. त्यांच्या पुड्यांचं नवं डिझाइन आमच्याकडे आलं. पहिल्या बैठकीत थोरल्यांनी डिझाइन हातभर लांब धरलं, मान वाकडी केली आणि म्हणाले, "लोगो जरा मोठा करा." केला. धाकट्यांनी चष्मा काढून पाहिलं : "अजून थोडा." पुडीवर मग लोगो राहिला आणि वाटीतली आमटी कडेला गेली. पण पुडीच्या मागच्या बाजूला त्यांचा नूर वेगळा. तिथे वजन, किंमत, तारीख, पत्ता ही सरकारी माहिती. "हे एवढं मोठं कशाला? बारीक करा ना." मी सांगितलं, साहेब, वैधमापनवाल्यांचे २०११ चे नियम आहेत, अक्षरं किमान किती मिलिमीटर उंच हवीत ते ठरवून दिलेलं आहे. दोघे भाऊ हिरमुसले. अख्ख्या पुडीवर त्यांना एकच मजकूर लहान करायचा होता, आणि सरकारने नेमका त्याच्यावरच हात ठेवला होता.

त्याच नियमांत आणखी एक कलम आहे : ग्राहकाने तक्रारीसाठी कोणाशी संपर्क करायचा, त्याचं नाव, पत्ता, फोन, ईमेल पुडीवर छापायचं. इथे बैठक थबकली.

"माझा नंबर नको," थोरले म्हणाले.

"माझा तर नकोच," धाकटे.

सगळ्यांनी अकाउंटंटकडे पाहिलं. तो गयावया करत म्हणाला, "साहेब, माझा नंबर सप्लायर लोकांना आधीच पाठ आहे. त्यांचेच फोन उचलायचे नसतात म्हणून मी सायलेंटवर ठेवतो."

हे तो माझ्यासमोर म्हणाला. मीही सप्लायरच. त्याला नंबर लावला की साहेब साइटवर असतात, साहेब परगावी असतात, चेक तयार असतो आणि फक्त दुसरी सही राहिलेली असते. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी आमच्यासारख्या नोंदणी केलेल्या छोट्यांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करार नसला तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या चक्रवाढीने. वाचून पोट भरतं. हे व्याज मागणारा सप्लायर आणि त्यानंतर पुढची ऑर्डर मिळालेला सप्लायर, हे दोघे एकाच देहात अजून कोणी पाहिलेले नाहीत. मग २०२४ पासून प्राप्तिकरवाल्यांनी पाचर मारली : छोट्यांचं देणं मुदतीत दिलं नाही, तर ते देईपर्यंत खर्चात धरणार नाही. त्या मार्चमध्ये मला अकाउंटंटचा आपण होऊन फोन आला. मी हरखलो. तो म्हणाला, "तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे का हो?" मी म्हटलं, आहे. त्याचा आवाज पडला. "अरेरे," म्हणाला.

असो. तक्रारीचा नंबर शेवटी पॅकिंग विभागातल्या मावशींचा छापला. त्यांच्याकडे कंपनीचा एक साधा फोन होता, मालाची गाडी आली की गेटवरून कळवायला. मावशी कारखाना निघाल्यापासूनच्या. कोणालाच हे पद नको होतं, आणि त्यांना विचारलं नव्हतं.

पुड्या बाजारात गेल्या, फोन सुरू झाले. एकदा मी छपाईचे नमुने घेऊन गेलो होतो, तेव्हा मावशी फोनवर होत्या.

"कडवट लागते? बरं. मसाला घातलात कधी? फोडणीत? अहो ताई, गोडा मसाला फोडणीत घालतात का? करपणार नाही तर काय होणार! आमटी उकळली, गूळ पडला, की मग घाला. नाही, नाही, रागावत नाही मी. तुमच्या सासूबाईंना नाही सांगत, माझ्याकडे नंबर कुठाय त्यांचा? ठेवा."

लगेच दुसरा फोन. लॉट नंबर विचारला, भिंतीवर नजर टाकली आणि सरळ म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे. त्या लॉटला दगडफूल जास्त पडलंय. आमचीच चूक. पत्ता सांगा, दुसरी पुडी लावून देते. ती आधीची टाकू नका, पोळीच्या लाडवात घालू नका एवढंच, बाकी भरल्या वांग्याला चालते."

पोळीच्या लाडवात गोडा मसाला कोण घालतं, हे मी विचारलं. "घालतात," मावशी म्हणाल्या. "फोन येतात मला."

भिंतीवर कालनिर्णय होतं. उलटून गेलेल्या महिन्यांच्या पानांमागे त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं : नागपूर, तिखट कमी वाटतं. नाशिक, पुडी वरून फाटत नाही, कात्री लागते. ठाणे, ओला चमचा, गुठळ्या. कुठे कोण काय म्हणालं, सगळं. मी ती पानं मागून घेतली, ऑफिसात नेली, आणि आमच्या प्लॅनिंगच्या पोरांनी दिवसभर त्यांच्यावर डोकं लावल्यावर पुडीवर तीन बदल झाले : वरच्या बाजूला फाडायला खाच, 'कोरडा चमचा वापरा', आणि ठळक अक्षरांत 'फोडणीत घालू नका'. खाचेबद्दल धाकटे म्हणाले, खर्च वाढेल. 'घालू नका' हे शब्द नकारात्मक आहेत, असं थोरल्यांचं मत पडलं. पण छापलं. नाशिकचे आणि करपलेल्या आमट्यांचे फोन आटले. दुकानदार सांगायला लागले की गिऱ्हाईक पुडी उलटी करून वाचतं. माझ्या उभ्या कारकिर्दीत लोकांनी उलटी करून वाचलेली ही एकमेव कॉपी, आणि तिची लेखिका पॅकिंगला होती.

मग थोरल्यांचे चिरंजीव परदेशातून शिकून आले. हुशार मुलगा, मला आवडतो. त्याने आल्याबरोबर विचारलं, ग्राहकाच्या पहिल्या संपर्काचा अनुभव आपण एका मावशींवर कसा सोडू शकतो? मावशी रजेवर गेल्या तर? प्रश्न योग्य होता. उत्तर म्हणून आणखी दोन मावशी नेमता आल्या असत्या. त्याऐवजी टोल-फ्री नंबर आला, 'सूचनांसाठी एक दाबा' आलं, वेबसाइटवर एका कोपऱ्यातून डोकावणारी आणि नमस्कार करणारी कार्टून-मुलगी आली. संहिता आमच्याकडूनच लिहून घेतली. 'आपली चव आमच्यासाठी मोलाची आहे' हे वाक्य माझं आहे. धंदा आहे, लिहून दिलं. कार्टून-मुलीला गोडा मसाला फोडणीत घालावा का असं विचारलं, तर ती म्हणते, "छान प्रश्न! आमची सर्व उत्पादनं प्रेमाने बनवलेली आहेत." मावशींचा फोन पुन्हा गेटच्या कामाला लागला. जुन्या पुड्यांवरून त्यांचा नंबर काहींनी उतरवून ठेवलाय म्हणतात; जेवणाच्या सुट्टीत त्या अजून दोन-चार आमट्या सुधारतात, पण ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

वर्षअखेरीस कारखान्यात समारंभ झाला. चिरंजीवांनी पडद्यावर आलेख दाखवला : तक्रारी दर महिन्याला उतरत उतरत थेट जमिनीला टेकलेल्या. टोल-फ्रीवर सगळी बटणं दाबून शेवटपर्यंत पोचलेला एकही माणूस नव्हता. टाळ्या झाल्या, केक कापला, मावशींनी तो कागदी बशांतून सगळ्यांना वाटला. स्टेजमागच्या बॅनरचं काम आमच्याकडे होतं. 'तक्रारी : ०' असा मजकूर, बाजूला लोगो. आदल्या रात्री मी डिझाइन ग्रुपवर टाकलं होतं. साडेअकराला धाकट्यांचा आवाजी निरोप आला, मागे मालिका चालू होती.

"छान झालंय. फक्त ते शून्य जरा मोठं करा."